नानांची जीप आणि नऊ तुटलेले बोल्ट: मळ्यातल्या शेडमधल्या नोंदी

गाडी: महिंद्रा सीजे-३बी, १९७८, पेट्रोल, २.२ लिटरचं हरिकेन इंजिन. मालक नाना, म्हणजे माझे चुलते. जागा: दिंडोरी रस्त्यावरचा मळा, द्राक्ष पॅकिंगची जुनी शेड. मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो, नोकरी तिथेच अंबडला, त्यामुळे काम फक्त रविवारी किंवा हाती लागेल त्या सुट्टीला. गाडी २००६ पासून शेडमध्ये उभी होती, आणि शेडचा पत्रा मागच्या बाजूने गळत होता.

इंजिन कसं बांधलं, रंग कुठला दिला, हे इथे नाही. इथे फक्त बोल्ट. दोन महिन्यांतला बहुतेक वेळ त्यांनीच खाल्ला. दिंडोरी-निफाड पट्ट्यात अशा बऱ्याच जीप गोठ्याशेजारी उभ्या आहेत. त्यातली एखादी कोणी बाहेर काढणार असेल तर त्याच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी आठ ते दुपारी दोन. एकही नट खोलला नाही. तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली आडवा झालो आणि दिसेल तो बोल्ट घासला. वहीत मोजदाद केली: १४७.

पुढची बाजू बरी आहे. इंजिनातून वर्षानुवर्षं गळलेलं तेल आणि धूळ यांचा बोटभर थर बसलाय, आणि त्याखाली आटे कोरे आहेत. नाना ज्या गळतीला जन्मभर शिव्या देत आले तिनेच पुढचे बोल्ट वाचवले.

मागची बाजू बघवत नाही. पापुद्रे सुटलेत, काही डोकी बोराच्या बीएवढी उरलीत. नुसत्या पावसाने एवढं होत नाही म्हणून नानांना विचारलं. ते एकच शब्द बोलले, “मोरचूद.” १९८५-९० च्या सुमारास जीपच्या मागे २०० लिटरचा ड्रम ठेवून बागेला बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं बुरशीवरचं औषध, मारायचे. ड्रम हिंदकळायचा, पाणी मागच्या पत्र्यावर सांडायचं, फटीतून खाली बोल्टांवर उतरायचं.

घरी द्राक्षबाग आहे त्यांना विळ्याची परीक्षा माहीत असेल. बोर्डो तयार झाला की त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. जेव्हा तांबं चढतं तेव्हा पात्यातलं लोखंड द्रावणात उतरत असतं. या गाडीच्या मागच्या बोल्टांनी ती परीक्षा कित्येक हंगाम दिलीय.

मग दोन खडू घेतले. पांढरी खूण म्हणजे कापायचे: जिथे नट आणि डोकं दोन्ही बाजूंनी मोकळं आहे आणि नवा बोल्ट दहा-वीस रुपयांत मिळतो. यांच्यावर तेलाचा थेंबही खर्च करायचा नाही. लाल खूण म्हणजे वाचवायचे: ज्यांचे आटे ओतीव लोखंडात आहेत. हे तुटले की मागे राहिलेला तुकडा काढायला अख्खा भाग हलवावा लागतो. लाल निघाले ३१.

लाल खुणांना तेल पाजलं. जाम बोल्टासाठीचा स्प्रे, दोन डबे, ६८० रुपये. शिवाय घरचं मिश्रण: ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, ५३० रुपये. हे दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. प्लास्टिकच्या पिचकारीत भरलं होतं, तासाभरात तिचं रबर फुगून बसलं. पत्र्याची तेलाची झारी वापरा.

१७ नोव्हेंबर, रविवार

चाकं. मला वाटलं तासाभराचं काम. सकाळी नऊला बसलो आणि दुपारी एकपर्यंत डाव्या मागच्या चाकाशीच होतो.

उजवी दोन्ही चाकं वीस मिनिटांत निघाली होती. डावीचा पहिला नट हलेना. तेल मारलं, हातोडीने ठोकलं, टॉमीवर चार फुटी पाईप चढवला आणि त्यावर उभा राहिलो. माझं वजन ७८ किलो. नट हलला, मी खूश झालो, आणि अर्ध्या फेऱ्यात स्टड (नट ज्यावर बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) तुटून नट गोटीसकट (पान्याच्या सॉकेटसकट) हातात आला. दुसऱ्याचंही तेच झालं.

नाना खाटेवर बसून बघत होते. दुसरा तुटल्यावर म्हणाले, “डावीकडचे उलटे असतात रे.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तू कंपनीत फिटर ना. मला वाटलं काहीतरी वेगळं करतोयस.”

या जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे डावे असतात, म्हणजे नट उजवीकडे फिरवला की सुटतो. चाक फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून ती सोय. चार तास मी नट सोडत नव्हतो, आवळत होतो. स्टडच्या टोकावर ‘एल’ ठोकलेला असतो, तो रंगाच्या तीन थरांखाली होता. ब्रशने घासल्यावर पाच सेकंदांत दिसला. उरलेले तीन नट उजवीकडे फिरवले, एका हाताने सुटले.

स्टड हबमध्ये ठोकून, मागून कड फुलवून बसवलेले असतात. लेथवाल्याने फुललेली कड कापून तुकडे काढले. डाव्या आट्याचे चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) स्टड शोधायला नाशिकच्या द्वारका चौकापासून मुंबई नाक्यापर्यंत पाच दुकानं फिरलो. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली. स्टड, नट आणि लेथ मिळून ४५० रुपये. तुटलेले: २.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी शाई लावून घेतली आणि थेट मळ्यावर.

आज पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, यू बोल्ट. सगळ्यांना पांढरी खूण होती, तरी पहिल्यावर दोन तास घालवले. सवय. नट सुटत आलाय असं वाटत राहतं आणि माणूस सोडत नाही. मग ग्राइंडर लावला. आठही यू बोल्ट पाऊण तासात कापून खाली. नवे आठ, १२० प्रमाणे ९६०.

कापण्याआधी गाडीची चौकट लाकडी ओंडक्यांवर नीट बसवा आणि पाट्याच्या मधल्या सेंटर बोल्टला हात लावू नका. पाट्याची पानं तोच एकत्र धरून ठेवतो, दाबातली पानं उसळली तर बोटं जातात.

२४ नोव्हेंबर, रविवार

इंजिन गाडीबाहेर काढून टेबलावर घेतलं. आज धुराड्याचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून धुराड्यात सोडणारा ओतीव भाग.

या इंजिनाची रचना वेगळी आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (इंजिनाच्या झाकणात) आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य धडात). त्यामुळे धुराड्याचा मॅनिफोल्ड हेडला नाही, ब्लॉकलाच लागतो. इथला स्टड तुटला तर हेड काखेत मारून लेथवाल्याकडे जाण्याची सोय नाही. हे मला काल माहीत होतं. तरी.

दोन आठवडे तेल मुरवलं होतं. सहा कोनी गोटी घेतली (बारा कोनी गोटी गंजक्या नटाचे कोपरे खाते). सोडण्याआधी जरा आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा जरा आवळायचं, गंजाची भुकटी बाहेर येऊ द्यायची, तेल मारायचं. असे चार नट सुटले. चारही वेळा आवाज झाला, कोरडा, ‘टक्’. तो आवाज ऐकला की छातीवरचं ओझं उतरतं.

पाचव्याला आवाज झाला नाही. पाना नुसता फिरायला लागला, मऊ, थंडीत घट्ट झालेल्या लोण्यात सुरी शिरावी तसा. मला वाटलं हा सगळ्यात सोपा निघाला. नट सुटत नव्हता, स्टड पिळला जात होता. पाव फेरा आणखी, आणि नट स्टडच्या तुकड्यासह बाहेर. तुकडा ब्लॉकबाहेर साधारण ८ मिलिमीटर उरलाय.

इथे थांबायला हवं होतं. पण चिडलो होतो. सहाव्याला कॅनवरचा गॅसचा टॉर्च लावला (टॉर्च आणि दोन कॅन, १,०१०). नुकतंच ॲसिटोनचं मिश्रण मारलेलं होतं, भडका उडाला. उजव्या हातावरचे केस गेले, भुवई वाचली. त्या छोट्या टॉर्चने नट तापतो, पण ब्लॉकसारखं धूड सगळी उष्णता पिऊन टाकतं, आतले आटे थंडच राहतात. सहावा ब्लॉकच्या पृष्ठभागालगत तुटला, पकडायलाही काही उरलं नाही. तुटलेले: ४.

मिश्रण मारलेल्या जागेवर त्या दिवशी आग नाही, हा नियम शेडच्या दारावर कोळशाने लिहून ठेवला.

१ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात महाग.

लगत तुटलेल्या स्टडला मधोमध भोक पाडायचं, त्यात इझी आऊट (तुटका स्टड काढायची उलट्या आट्यांची दांडी) घालून उलटं फिरवायचं, असा बेत. इझी आऊटचा सेट ३५० ला, कोबाल्टची तीन ड्रिलं ८९० ला. तुटलेलं तोंड तिरकं होतं. ते आधी सपाट घासून मग सेंटर पंच मारायला हवा होता. तसाच मारला, पंच घसरला आणि भोक मध्यापासून दीड मिलिमीटर बाजूला गेलं. हातातल्या ड्रिलने ते आत जाताना आणखी तिरकं झालं.

मग इझी आऊट. तो पाचरीसारखा निमुळता असतो. जितका घट्ट बसतो तितका स्टडला आतून फुगवतो, आणि जो स्टड आधीच गंजाने दाबून बसलाय तो आणखी दाबला जातो. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा घेतो. आट्यांत मुळात फट उरलेलीच नव्हती. जिथे साडेतीन फूट पाईप लावून स्टड हलला नव्हता तिथे पेन्सिलएवढी दांडी काय करणार? तिसऱ्या प्रयत्नाला ‘खट्’ झालं. हाही आवाज कोरडाच होता, मला क्षणभर आनंद झाला.

इझी आऊट आत तुटला. तो कडक पोलादाचा असतो, त्यावर ड्रिल चालत नाही. कोबाल्टचं एक ड्रिल लावून बघितलं, टोक काळं पडलं. आता छिद्रात स्टड आणि स्टडमध्ये इझी आऊट.

घरी सांगितलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

कंपनीतल्या टूलरूमच्या पोरांना सांगितलं तर आधी हसले, मग म्हणाले स्पार्कवर काढून घे. अंबडला मोडलेले टॅप (आटे पाडायची हत्यारं) स्पार्क इरोजनने काढून देणारी माणसं आहेत. तांब्याची कांडी तुकड्याजवळ धरून, मध्ये पातळ तेल सोडून, विजेच्या ठिणग्यांनी धातू कण-कण करून उडवतात. धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही, कारण तिथे कापाकापी नाहीच.

रजा टाकली. हेड, ऑईल पॅन, जे उतरवता येईल ते उतरवून ब्लॉक हलका केला आणि चौघांनी उचलून छोटा हत्ती टेम्पोत ठेवला. जाऊन-येऊन १,२००. स्पार्कचे १,५००. काम अडीच तासांचं, पण ब्लॉक टेबलावर भोक उभं येईल असा बसवण्यात त्यातला दीड तास गेला.

तुकडा निघाला. पण माझ्या तिरक्या ड्रिलने एका बाजूचे आटे खाल्लेलेच होते. ऑपरेटर भोकात बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हे भोक कोणी पाडलं?” मी म्हटलं, जुन्या मेकॅनिकने.

१३ डिसेंबर, शुक्रवार, रात्र

दुसरा स्टड, तो ८ मिलिमीटर बाहेर असलेला. या वेळी मी हात लावला नाही. द्वारकेजवळ गॅरेज असलेले चाचा आले. आयुष्यभर जुन्या जीप आणि ट्रक केलेत, आता मुलगा बघतो सगळं. ब्लॉक बघून म्हणाले, “भाऊ, तेल लई पाजलंस. आता आग पाज.”

वेल्डिंगला मळ्यावरची थ्री फेज हवी, आणि या आठवड्यात ती रात्रीची होती. दहा वाजता लाईट आली. पलीकडे ऊस आणि गेल्या महिन्यात बिबट्याने शेजाऱ्यांचं वासरू नेलेलं, म्हणून नानांनी शेडबाहेर शेकोटी पेटवली आणि काठी घेऊन बसले. वेल्डिंगचा उजेड बघून बिबट्या येत नाही असं त्यांचं म्हणणं. शेकोटी मात्र विझू दिली नाही.

पद्धत अशी. तीन सुती तुकड्यावर साडेतीन सुती नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून, आतून, वेल्डिंगने तो तुकड्याला जोडायचा. जोड मिळतोच, पण खरा फायदा वेगळा: उष्णता थेट स्टडच्या गाभ्यात उतरते. तो तापून फुगतो, भोवतीचा ब्लॉक त्याला फुगू देत नाही, तो दाबला जातो, आणि थंड होताना आधीपेक्षा जरा आकसतो. गंजाची पकड मोडते.

पहिला नट: मी घाईने तुकडा नीट घासला नव्हता. वेल्डिंग गंजाच्या सालीला लागलं, पाना लावताच नट सालीसकट सुटला. दुसरा: लाल असतानाच मी पाना लावला. चाचांनी माझ्या मनगटावर चापट मारली, पण उशिरा. लाल लोखंड मऊ असतं, जोड पिळला गेला. तिसऱ्याला शेजारच्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, विजेचा दाब पडला आणि वेल्डिंग थुंकल्यासारखं नुसतं वर बसलं.

दर वेळी तुकडा एखाद-दुसरा मिलिमीटर कमी होत होता. चौथ्या वेळी चाचांनी मला बाजूला केलं. जोड भरला, लाली पूर्ण जाऊ दिली, मग खिशातून मेणबत्ती काढली. साधी, देवघरातली. तापलेल्या स्टडच्या बुडाशी टेकवली तसं मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत ओढलं गेलं. मी महिनाभर बाहेरून तेल मारत होतो, ते पहिल्या दोन आट्यांपलीकडे बहुधा गेलंच नव्हतं. मेण आत गेल्याचं डोळ्यांना दिसत होतं.

पाना लावला, दोन बोटांनी. पुढे, मागे. पुढे, मागे. पंधरा मिनिटं फक्त तेवढंच. मला दोनदा वाटलं की आता जोर लावावा. चाचा पान्याकडे बघतच नव्हते, मान वळवून आवाज ऐकत होते. पावणेबाराला ‘कुंऽऽई’ असा आवाज आला आणि स्टड पाव फेरा फिरला. त्यानंतर हाताने बाहेर.

चाचांचे २,५०० दिले. ते दोन हजारच घेत होते.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी निफाडकडून येणारा वारा असा होता की पाना हाताला चिकटत होता. काम दहाला सुरू.

आधी बिघडवलेलं भोक. चाचांच्या सांगण्यावरून ते मोठं करून साडेतीन सुती जाड आटे पाडले: ९.४ चं ड्रिल, मग ७/१६-१४ चा टॅप. सातपूरच्या लेथवाल्याकडून पायरीचा स्टड बनवून घेतला. ब्लॉकमध्ये जाणारा भाग साडेतीन सूत, बाहेरचा तीन सूत. या वेळी ड्रिल हातात धरलं नाही. जाड लोखंडी पट्टीला स्टँडवर काटकोनात भोक पाडून घेतलं, ती पट्टी ब्लॉकला चांगल्या दोन स्टडांनी आवळली आणि तिच्यातून ड्रिल खाली सोडलं. टॅपांचे ७२०.

मग थर्मोस्टॅटच्या वरच्या घराचे बोल्ट. एक सुटला, दुसरा फिरला आणि तुटला. तुटलेले: ५. तुकडा बाहेर होता, या वेळी पहिल्याच नटाला निघाला. साफ करून बघतो तर तो मूळचा बोल्टच नव्हता. कुठल्यातरी मेकॅनिकने अडीच सुती भोकात ८ मिलिमीटरचा बोल्ट घुसवला होता.

ही चूक दिसत नाही म्हणून वाईट. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, डोळ्याला ८ च. पण अडीच सुती जाड आट्यांत एका इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर, आपल्या नेहमीच्या ८ च्या बोल्टचं १.२५. पहिले दोन-तीन फेरे गोडीने जातो, मग आवळतो, आणि मेकॅनिक म्हणतो, “बसला घट्ट.” या गाडीवर सगळे आटे इंची आहेत. कुठलाही बोल्ट लावण्याआधी तो हाताने, पान्याशिवाय, पाच-सहा फेरे जातोय का बघा. जात नसेल तर तो तिथला नाही.

बाकीचे गंजके आटे साफ करायला नवा टॅप वापरू नका. तो गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातो. त्याच मापाचा एक जुना चांगला बोल्ट घेऊन करवतीने त्याला उभ्या तीन चिरा पाडा. आट्यांत तो फिरवला की घाण चिरांत भरते, आटे शाबूत राहतात. खर्च शून्य.

२९ डिसेंबर, रविवार

बॉडी चौकटीवरून उचलायची. सीजे-३बीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती सगळ्यात आधी काढून शेडबाहेर, पार विहिरीपाशी नेऊन ठेवली. “अठरा वर्षं रिकामी आहे,” असं नाना म्हणत होते. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त धोक्याची.

मागचे बॉडी बोल्ट, मोरचुदाचे. इथे मला मोठ्या लढाईची अपेक्षा होती. पाना लावला की डोकं हातात, बिस्किटासारखं. तीन तसे गेले, पुढच्या मडगार्डचा एक गेला. तुटलेले: ९. बाकीचे ग्राइंडरने. पांढऱ्या खुणांचं काम असंच उरकावं, पटकन आणि काही न वाटता.

दुपारी दोनला बॉडी आंब्याच्या फांदीला चेनपुलीने लटकली.

५ जानेवारी २०२५, रविवार

जुळवणी सुरू. नवे बोल्ट १,३४० (पायरीचा स्टड धरून). इंची आट्यांचे चांगल्या दर्जाचे बोल्ट एका जागी मिळत नाहीत. काही भद्रकालीतून, काही अंबड लिंक रोडच्या भंगारातून निवडून.

मॅनिफोल्डच्या स्टडांना तांब्याची भुकटी असलेलं ग्रीस लावलं, डबी २८० ला. पुन्हा कोणाला काढायची वेळ आली तर शिव्या बसू नयेत. नाना डबी नाकाशी नेऊन म्हणाले, “तांब्यानेच खाल्लं आणि तू तांबंच लावतोस?” त्यांना सांगितलं की मोरचुदाच्या पाण्यात विरघळलेलं तांबं वेगळं आणि ग्रीसमधली सुकी भुकटी वेगळी, ही लोखंड खात नाही, आट्यांच्या मध्ये पडून राहते. पटलं नाही. तरी डबी खिशात घालून घेऊन गेले, फवारणी पंपाच्या नटांना लावायला.

हे ग्रीस लावलेला नट नेहमीच्या जोराने आवळू नका. घसरण वाढल्यामुळे तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. चाकांच्या नटांना मी लावलंच नाही, ते कोरडे बसवले. आणि डाव्या चाकांवर पिवळ्या रंगाने बाण काढला, सुटायच्या दिशेचा.

१२ जानेवारी, रविवार

मॅनिफोल्ड बसला. सहाही नट थोडे-थोडे, मधून बाहेरच्या बाजूला आवळत नेले. पायरीचा स्टड आवळताना श्वास रोखला होता. आवाज काही झाला नाही, मऊही लागला नाही.

हिशोब केला. स्प्रे ६८०, मिश्रण ५३०, टॉर्च १,०१०, इझी आऊट ३५०, ड्रिलं ८९०, स्पार्क आणि टेम्पो २,७००, चाकाचे स्टड ४५०, यू बोल्ट ९६०, चाचा २,५००, टॅप ७२०, बोल्ट १,३४०, ग्रीस २८०. एकूण १२,४१०. त्यातले ३,५०० निव्वळ माझ्या चुकांचे: डावे आटे आणि इझी आऊट. एक रजा वेगळीच.

लाल खुणांपैकी एक बोल्ट राहिलाय, गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूचा. हलत नाही. शुक्रवारपासून लाईट पुन्हा रात्रीची आहे, चाचांना फोन करून ठेवलाय. संध्याकाळी शेडमधून निघताना बघितलं तर नाना त्याच बोल्टखाली मेणबत्ती धरून वाकले होते. टॉर्च नव्हता, काही नव्हतं, पेटवलेली नुसती मेणबत्ती. म्हटलं, अशाने नाही तापायचा तो. म्हणाले, “तू जा घरी.”